काम बाहेर द्या, किल्ली घरात ठेवा



"मला हे दोनशे रुपये कसले कापले?" आमच्या शिलाई केंद्रातल्या एका ताईंनी पगाराच्या दिवशी आम्हाला असं विचारलं होतं. आम्ही पगारपत्रक न बघताच उत्तर दिलं, "व्यवसाय कर असतो, सरकारचा नियम आहे." ताई गप्प बसल्या, आम्हीही पुढच्या कामाला लागलो. खरं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय कर लागतच नाही. ताईंचा पगार १२,००० रुपये. त्यांचे दोनशे कापायचेच नव्हते. पगारपत्रक बाहेरचा माणूस करत होता, त्याने कापले आणि आम्ही मान डोलावली.

दोनशे रुपयांवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. ते थांबलं नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. ज्या गटांचा धंदा वाढतो आहे, ज्यांच्याकडे दहा-वीस बायका पगारावर काम करू लागल्या आहेत, त्यांनी पगाराचं आणि कराचं काम बाहेर द्यावं का, आणि दिलं तर कसं द्यावं, हे आमच्या अनुभवावरून सांगतो.

कोणत्या गटाला हे लागतं?

आधी एक भीती काढून टाकू. महिन्याला बचत करणाऱ्या, आपापसात कर्ज देणाऱ्या बचत गटाला पीएफ लागत नाही. घरोघरी पापड लाटून गटाच्या नावाने विकणाऱ्या आणि नफा वाटून घेणाऱ्या दहा बायकांनीही हे ऐकून घाबरू नये. प्रश्न येतो तो गटांनी मिळून केंद्र काढलं, विजेवरची यंत्रं आणली, हजेरी सुरू झाली आणि महिन्याचा पगार ठरला, की मग.

साधारण तीन आकडे लक्षात ठेवा. पगारावर १० किंवा जास्त माणसं झाली, की ईएसआय म्हणजे कामगार विमा लागतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात. २० किंवा जास्त माणसं झाली की पीएफ लागतो. आणि मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. नुसती सेवा देत असाल, तर ही मर्यादा २० लाखांची आहे.

आमचं केंद्र शाळांचे गणवेश शिवतं. बारा बायकांवर सुरू झालं, बावीस झाल्या. म्हणजे तिन्ही गोष्टी आमच्या अंगावर आल्या.

एका पगारात काय काय असतं?

१२,००० रुपये पगाराचं उदाहरण घेऊ. ताईंच्या पगारातून पीएफचे १२ टक्के कापायचे, म्हणजे १,४४० रुपये. ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. व्यवसाय कर शून्य. ताईंच्या हातात यायला हवेत १०,४७० रुपये. हा आकडा आपल्याला पाठ हवा.

आता केंद्राने स्वतःच्या खिशातून काय घालायचं? पीएफचे तेवढेच १,४४० रुपये. त्यातले सुमारे १,००० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ४४० पीएफमध्ये. म्हणून पासबुकात मालकाचा हिस्सा कमी दिसला तर घाबरू नका, पेन्शनचा रकाना शेजारीच असतो. त्याशिवाय पीएफसोबतच्या विम्याचे ६० रुपये आणि कार्यालयीन खर्चाचे ६० रुपये. ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० रुपये. सगळं मिळून १,९५० रुपये. म्हणजे १२,००० रुपये पगाराची एक बाई केंद्राला १३,९५० रुपयांना पडते. गणवेशाचा दर ठरवताना बारा हजार धरले तर नुकसान ठरलेलंच.

ताईंचा आणि केंद्राचा हिस्सा एकत्र केला तर पीएफचे माणशी ३,००० आणि ईएसआयचे ४८० होतात. बावीस बायकांचे पीएफचे महिन्याला ६६,००० आणि ईएसआयचे १०,५६०. हे दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे.

याशिवाय पगार ७ तारखेच्या आत. कुणाचा टीडीएस कापला असेल तर तोही पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांनी विक्रीचं विवरणपत्र ११ तारखेपर्यंत आणि कर भरायचं विवरणपत्र २० तारखेपर्यंत द्यायचं. एखाद्या महिन्यात विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकवायचं नाही. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये आणि शून्य विक्री असेल तर २० रुपये विलंब शुल्क चढतं. शिवाय आपण विक्रीचं विवरणपत्र दिलं नाही, तर माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या कराची वजावट मिळत नाही. तो एकदा सांगतो, दुसऱ्यांदा दुसऱ्याकडून माल घेतो.

इतक्या तारखा, इतकी संकेतस्थळं, इतके पासवर्ड. मापं घेणं, कापड आणणं, बटणं मोजणं यातून हे कोण करणार? म्हणून आम्ही काम बाहेर दिलं. ते देणं चूक नव्हतं, हे आजही आम्ही म्हणतो. पूर्णवेळ हिशेबनीस ठेवायचा तर एक पगार वाढतो. महिना तीन हजारात एक अनुभवी सल्लागार मिळत असेल तर ते स्वस्तच आहे.

आमचं काय चुकलं?

आमचे सल्लागार बाजारपेठेतले, ओळखीतले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त मस्टर पाठवा आणि पैसे माझ्या खात्यावर टाका. बाकी मी बघतो." आम्हाला हायसं वाटलं. नोंदणी करताना मोबाइल नंबर त्यांचा दिला, ईमेल त्यांचा. अध्यक्षताईंची डिजिटल सही, ती पेन ड्राइव्हसारखी असते, तीही त्यांच्याच टेबलाच्या खणात. दर महिन्याला ते चलनाचा छापील कागद पाठवायचे. वर आमच्या केंद्राचं नाव, खाली रक्कम. आम्ही तो फाइलला लावायचो आणि निश्चिंत व्हायचो.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी आमच्या एका ताईंना गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं. आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते, म्हणून त्या सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या मुलाने पासबुक उघडलं आणि म्हणाला, "ताई, मार्चच्या पगारानंतर तुमचं काहीच जमा नाही."

ताई तशाच केंद्रावर आल्या. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दर महिन्याला माझे कापलेत ना तुम्ही?" मैत्रिणींनो, त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बावीस जणींची पासबुकं बघितली. सगळ्यांची तीच गत. एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिने. पीएफचे ३,३०,००० आणि ईएसआयचे ५२,८०० रुपये आम्ही सल्लागारांना दिले होते, पण सरकारकडे पोचले नव्हते. फाइलमधले कागद खरे होते, पण ती नुसती चलनं होती. चलन तयार होणं वेगळं आणि चलनाचे पैसे भरले जाणं वेगळं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लाइटबिल घरात आलं म्हणजे ते भरलं असं होत नाही, तसंच हे.

आमच्यातल्या एक वयस्क ताई म्हणाल्या, "भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला." हसूही आलं आणि लाजही वाटली.

कायदा कुणाला धरतो?

आमचा पहिला विचार होता की पीएफ कार्यालयात जाऊन सांगू, चूक आमची नाही, पैसे आम्ही दिलेत. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं की कार्यालयाच्या नोंदीत सल्लागाराचं नाव कुठेच नाही. नाव आहे केंद्राचं. पगारातून कापलेली रक्कम भरली नाही तर मालकाने विश्वासघात केला असं कायदा धरतो. तुम्ही कुणाच्या हातात पैसे दिले, तो तुमचा आणि त्याचा प्रश्न.

थकलेल्या रकमेवर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि महिन्याला एक टक्का दंड, म्हणजे दोन्ही मिळून महिन्याला साधारण दोन टक्के. आम्ही ऑक्टोबरच्या मध्याला सगळं भरलं. एप्रिलच्या भरण्याला पाच महिने उशीर, मेच्या भरण्याला चार, असं ऑगस्टपर्यंत. त्याचे पीएफवरच १९,८०० रुपये झाले. ईएसआयचं व्याज वेगळं. चार लाखांच्या वर रक्कम गेली. नवीन यंत्रांसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, ते त्यात संपले. सल्लागारांनी लेखी कबुली दिली आहे, हप्त्याने परत करत आहेत. निम्मी रक्कम अजून यायची आहे.

ऑपरेशन झालेल्या ताईंना तेव्हा उसने पैसे काढावे लागले. पीएफचे जुने जमा पैसे त्यांना मिळाले, पण पाच महिन्यांचे त्या हिशेबात नव्हते.

आणि ईएसआयचं तर आणखी वाईट होऊ शकलं असतं. आजारपणात घरी बसावं लागलं तर ईएसआयमधून पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. पण त्यासाठी आधीच्या ठरलेल्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी दिसावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनच्या आजारपणाला कामी येते. ते पाच महिने कोरे राहिले असते, तर जानेवारीत आजारी पडणाऱ्या बाईचा अर्ज अडकला असता. पगार कापून घेतलेल्या बाईला औषधाच्या वेळी "नोंद नाही" ऐकावं लागणं, यापेक्षा मोठी चूक आमच्या हातून काय होणार?

आता आम्ही काय करतो?

आम्ही काम परत बाहेरच दिलं आहे, दुसऱ्या सल्लागारांकडे. सगळेच सल्लागार असे नसतात. बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करतात आणि त्यांच्यामुळे आपल्यासारख्यांचे धंदे नियमात राहतात. आम्ही बदललो ते काम देण्याच्या पद्धतीत. दळण गिरणीवर देतो तेव्हा आपण काय करतो? धान्य तोलून देतो, पीठ तोलून घेतो आणि डबा आपलाच नेतो. तसंच.

पहिली गोष्ट, पैसे सल्लागाराच्या खात्यावर जात नाहीत. ते पगारपत्रक आणि चलन तयार करून पाठवतात. आम्ही मस्टरशी ताडून बघतो आणि केंद्राच्या बँक खात्यातून थेट सरकारला भरतो. भरायला दोघींची संमती लागते, अध्यक्षताई आणि सचिवताई. सल्लागारांना फक्त त्यांची फी जाते, तीही पावती घेऊन.

दुसरी, मोबाइल नंबर आणि ईमेल केंद्राचे. आम्ही केंद्राच्या नावाने वेगळं सिम घेतलं. ओटीपी त्यावरच येतो. आधीचे सल्लागार सोडताना पासवर्ड बदलायला गेलो, तर ओटीपी त्यांच्याच फोनवर जायचा. तो नंबर बदलून घेण्यात कितीतरी खेपा झाल्या. डिजिटल सही आता केंद्राच्या कपाटात असते. लागेल तेव्हा अध्यक्षताई स्वतः घेऊन जातात, काम झालं की घेऊन येतात.

तिसरी, कागद कोणता मागायचा हे ठरलेलं आहे. नुसतं चलन नाही, पैसे भरल्याची पावती. पीएफच्या प्रत्येक चलनाला टीआरआरएन नावाचा क्रमांक असतो, तो पीएफच्या संकेतस्थळावर टाकला की पैसे जमा झाले का ते दिसतं. तिथे आस्थापनेच्या नावाने शोधलं तर कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती माणसांचे जमा झाले तेही कुणालाही बघता येतं. जीएसटीच्या संकेतस्थळावर आपला जीएसटी क्रमांक टाकला की कोणतं विवरणपत्र कोणत्या तारखेला भरलं त्याची यादी येते. यासाठी पासवर्ड लागत नाही. आमच्या सचिवताई बारावी शिकलेल्या आहेत, त्या दर महिन्याला हे फोनवरच बघतात. पाच मिनिटांचं काम आहे.

चौथी, लेखी करार. त्यात कोणकोणतं काम, कोणत्या तारखेच्या आत, किती फी, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर व्याज-दंड कुणी भरायचा, काम सोडताना सगळे कागद आणि पासवर्ड किती दिवसांत परत द्यायचे, हे लिहिलं आहे. आणि एक ओळ महत्त्वाची: बायकांची आधार कार्डं, बँक खात्याचे नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. करार केला म्हणून सरकारपुढची आपली जबाबदारी जात नाही, पण नुकसान मागायला हातात कागद राहतो. सल्लागार करार करायला कुरकुर करत असेल, तर तिथेच थांबा.

पाचवी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. महिन्याच्या २५ तारखेला आमच्याकडे पासबुकाचा दिवस असतो. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक जण आपलं पासबुक उमंग ॲपवर बघते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या नोंदवलेल्या नंबरावरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल देतात. यूएएन चालू आणि आधार, पॅन किंवा बँक खातं जोडलेलं असेल तर शिल्लक मेसेजने येते. प्रत्येकीला पगाराची पावती मिळते आणि कपातीचा प्रत्येक आकडा ती समोरच्या फळ्याशी ताडून बघते. फळ्यावर लिहिलेलं असतं: पीएफ १,४४०, ईएसआय ९०, व्यवसाय कर शून्य, हातात १०,४७०.

पहिल्या महिन्यात बायका लाजत होत्या. "आम्हाला काय कळतंय त्यातलं," म्हणायच्या. तिसऱ्या महिन्यात एकीने नावातली चूक शोधली. आधारवर एक नाव, पीएफला दुसरं. ती तेव्हा दुरुस्त झाली नसती तर पैसे काढताना अडकली असती. बावीस जोड डोळे जे बघतात, ते एका सल्लागाराच्या किंवा एका समन्वयकाच्या नजरेतून सुटू शकतं.

काम देण्याआधी

तुमचा गट आज सल्लागार शोधत असेल तर ओळखीवर जाऊ नका. त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या दोन-तीन लहान धंद्यांना भेटा आणि विचारा, पैसे भरल्याच्या पावत्या वेळेवर मिळतात का? फी फारच कमी सांगत असतील तर त्यात काय काय येतं ते विचारून घ्या. काही जण पगारपत्रकाची फी वेगळी, पीएफची वेगळी, जीएसटीची वेगळी घेतात. नियम बदलले की कोण कळवणार, तेही विचारा. आमचा व्यवसाय कराचा घोळ तिथेच झाला होता. नियम बदलला, त्यांनी पगारपत्रकाचा जुना नमुना तसाच चालवला आणि आम्ही विचारलं नाही.

ते कापलेले दोनशे-दोनशे आम्ही हिशेब काढून केंद्राच्या नफ्यातून सगळ्या जणींना परत केले. ज्या ताईंनी पहिल्यांदा विचारलं होतं, त्यांची आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी नको, पुढच्या वेळी विचारलं तर कागद उघडून दाखवा."

तेवढंच आम्ही तुम्हालाही सांगतो. कोणत्याही ताईने पगाराबद्दल प्रश्न विचारला, तर आधी कागद उघडा, मग उत्तर द्या. आणि तुम्ही स्वतः पगारावर काम करत असाल, तर या महिन्यात एकदा तरी आपलं पासबुक बघा. ते पैसे तुमच्या घामाचे आहेत.